ब्रेन ट्यूमरचं ऑपरेशन चालू असताना एमआरआय काढला, तर स्ट्रोक लगेच कळतो का?

तुमच्या वडिलांच्या ऑपरेशनमध्ये मध्येच एमआरआय काढणार आहेत. तेवढ्यात स्ट्रोक आला तर तिथेच कळेल का, असं तुम्ही विचारलंय. हो, बऱ्याचदा कळतो. मी थिएटरला जोडलेल्या एमआरआय मशीनवर टेक्निशियन आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

पेशंट भूल दिलेला असतो. त्याला ‘हात उचला’ म्हणून बघता येत नाही. मज्जातंतूंचे सिग्नल तपासणारं मॉनिटरिंग असतं, पण ते अख्ख्या मेंदूवर लक्ष ठेवत नाही. इन्सुला म्हणजे मेंदूच्या घडीत खोल दडलेला भाग, त्याच्याजवळच्या ट्यूमरमध्ये तर जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या रक्तवाहिन्या जपाव्या लागतात. त्यातली एक बंद पडली तरी अर्धं अंग लुळं पडू शकतं.

स्कॅनच्या आधी सिस्टर कात्र्या, चिमटे, सुया मोठ्याने मोजतात. आकडा जुळल्याशिवाय मी दार उघडत नाही, कारण चुंबक लोखंडाची वस्तू खेचून घेतो. जखम निर्जंतुक कापडाने झाकतात. मग ट्यूमर किती उरलाय ते बघायचे फोटो निघतात आणि सोबत दोन-तीन मिनिटांचा डिफ्यूजन, म्हणजे मेंदूतल्या पाण्याची हालचाल दाखवणारा एमआरआयचाच एक प्रकार. स्ट्रोक दिसतो तो यातच. रक्त थांबलं की पेशींमधले पंप बंद पडतात, बाहेरचं पाणी आत शिरतं आणि तिथेच अडकतं. अडकलेलं पाणी डिफ्यूजनमध्ये पांढरं दिसतं आणि त्याच्या जोडीच्या एडीसी फोटोत (पाणी किती सहज हलतंय ते मोजून काढलेला फोटो) काळं. १९९० मध्ये मोझली या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी मांजरांवर प्रयोग केले, तेव्हा पाऊण तासातच हा बदल दिसला होता. इतक्या लवकर साध्या सीटीत बहुतेक वेळा काहीच दिसत नाही.

पण पांढरं दिसलं म्हणजे स्ट्रोकच, असं नाही. ट्यूमर काढलेल्या पोकळीच्या कडेला थोडा मार बसलेला असतोच. आत शिरलेली हवा आणि साकळलेलं रक्तही फोटो बिघडवतात. म्हणून रेडिओलॉजिस्ट दोन्ही फोटो शेजारी लावून बघतात, डाग कुठल्या रक्तवाहिनीच्या हद्दीत बसतो ते तपासतात. तो क्षण मला अजूनही जड जातो. सगळे गप्प होऊन स्क्रीनकडे बघत असतात.

डाग खरा निघाला तर सर्जन त्या बाजूचं काम थांबवतात, बीपी चढवायला सांगतात, आकसलेल्या रक्तवाहिनीवर पापाव्हेरिनसारखं औषध लावतात. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन मात्र अशा वेळी देत नाहीत. डोकं उघडं असताना रक्तस्राव होण्याची भीती फार मोठी असते. मेलेला भाग परत येत नाही, पण आजूबाजूचा वाचवता येतो.

थिएटरमध्ये मशीन नसेल, तर ऑपरेशननंतर ७२ तासांच्या आत एमआरआय करतात. त्यात डिफ्यूजन आहे ना, एवढं नक्की विचारा. कारण असा डाग काही आठवड्यांनी कॉन्ट्रास्ट (स्कॅनच्या वेळी शिरेतून देतात ते औषध) शोषून उजळ दिसतो आणि ट्यूमर परत वाढल्यासारखा दिसतो. जुना फोटो हाताशी नसला, तर घरच्यांच्या पायाखालची जमीन सरकते. सगळ्या स्कॅनच्या सीडी जपून ठेवा आणि दर फॉलो-अपला सोबत न्या.