वाचकांचे प्रश्न : समाजशास्त्राचे तुकडे झाले आहेत का?

प्रश्न : जुलै 2025 मध्ये मोरोक्कोतील रबात येथे आंतरराष्ट्रीय समाजशास्त्रीय संघटनेचे अधिवेशन झाले. त्याच्या कार्यक्रमपत्रिकेत शेती, क्रीडा, सैन्य, आरोग्य अशा विषयांच्या स्वतंत्र समित्या आणि त्यांची स्वतंत्र सत्रे दिसली. इतक्या विखुरलेल्या विषयाला एक शास्त्र म्हणावे का?
— समाजशास्त्राचे एक प्राध्यापक, सोलापूर

उत्तर : विखुरलेपणाची चिंता मला तरी फारशी वाटत नाही. शेतीचा आणि आरोग्याचा अभ्यासक वेगवेगळ्या दालनांत बसत असले, तरी विषमता कशी निर्माण होते आणि पिढ्यान्‌पिढ्या कशी टिकते, हा प्रश्न दोघांनाही सुटलेला नाही. 2014 च्या योकोहामा अधिवेशनाचे मुख्य सूत्रही विषम जग हेच होते.

खरी फट निराळीच आहे. सिद्धान्त युरोप-अमेरिकेने मांडायचे आणि इतरांनी त्यांना माहिती पुरवायची, ही वाटणी अजून मोडलेली नाही. पॅरिसच्या उपनगराचा अभ्यास 'शहरी समाजा'चा मानला जातो. बीडच्या ऊसतोड मजुरांचा अभ्यास मात्र 'भारतातील एक उदाहरण' ठरतो. आपल्या संशोधकाला फ्रेंच विचारवंताचा दाखला दिल्यावाचून गत्यंतर नसते, पण फ्रेंच संशोधकाचे घुर्ये किंवा इरावती कर्वे या भारतीय अभ्यासकांवाचून काही अडत नाही.

दारे बंद आहेत असे मात्र नव्हे. 1986 चे जागतिक अधिवेशन दिल्लीत झाले. संघटनेचे त्या वेळचे अध्यक्ष फर्नांडो कार्डोसो पुढे ब्राझीलचे राष्ट्राध्यक्ष झाले. 1990 ते 1994 या काळात भारतीय समाजशास्त्रज्ञ टी. के. उम्मन अध्यक्ष होते. संघटनेचे शुल्कही देशाच्या राष्ट्रीय उत्पन्नानुसार ठरते, हे तिचे श्रेय. अर्थात व्हिसा आणि विमानाचे भाडे अशी सवलत जाणत नाहीत. पद मिळणे निराळे आणि आपली संकल्पना दुसऱ्याने वापरणे निराळे. इंग्रजी, फ्रेंच आणि स्पॅनिश या तीन अधिकृत भाषा असल्या, तरी बराचसा व्यवहार इंग्रजीतच चालतो, त्यामुळे मराठीत वा तमिळमध्ये घडलेला विचार वाटेतच बराचसा गळतो.

पुढचे जागतिक अधिवेशन 2027 मध्ये दक्षिण कोरियातील ग्वांगजू येथे आहे. आपल्या विद्यार्थ्यांनी तिथे निबंध पाठवावा, आणि शीर्षकात 'भारतातील' हा शब्द घालण्याआधी निष्कर्ष भारतापुरताच आहे का, हे एकदा तपासावे.