एमपीएच करायचंय? आधी हप्ता मांड
बीएएमएसनंतर एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी, करायचा विचार चांगला आहे, पण दिसेल त्या कॉलेजचा फॉर्म भरू नकोस. तीन-चार पुरेत.

अर्जाआधी कर्ज कागदावर मांड. 10 लाख रुपये, 10 टक्के व्याज, 10 वर्षं: महिन्याचा हप्ता साधारण 13,200. सरकारी बँकांत हप्ता सहसा कोर्स संपल्यावर वर्षभराने सुरू होतो, व्याज मात्र पहिली रक्कम सुटल्यापासून चढतं. बहुतेक जण इथेच गाफील राहतात. जमलं तर शिकतानाच व्याज भरत जा. साडेसात लाखांपर्यंत बँका सहसा तारण मागत नाहीत. त्यापुढे घराची कागदपत्रं निघतात, तेव्हा ही रेघ ओलांडण्याआधी घरी मोकळं बोल. आणि पगार जाहिरातीतला धरायचा नाही. नुकत्याच पास झालेल्यांना हातात किती पडतं ते विचार. स्वयंसेवी संस्थांमधली सुरुवात बेताचीच असते, उगाच गोड सांगत नाही.

अर्जाचं म्हणशील तर:
- ‘समाजसेवेची आवड’ सगळेच लिहितात. तू इंटर्नशिपमध्ये पेठ-सुरगाण्याच्या आदिवासी भागात काही पाहिलं असशील, तर ते लिही.
- प्रवेश परीक्षेच्या तारखा आधी बघ. बऱ्याच ठिकाणी सीयूईटी-पीजी ही पदव्युत्तर प्रवेशाची सामाईक परीक्षा लागते.
- शिफारसपत्र आयत्या वेळी मागू नकोस. सर रजेवर असतात!

आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्या म्हसरूळलाच आहे. एकदा जाऊन चौकशी कर. नाशकात राहून जमलं तर होस्टेल-मेसचा खर्च वाचतो. परदेशाचं नंतर बघू.