चारनंतरचं पाणी

पत्र:

माझं वय ६१. बँकेतून निवृत्त होऊन वर्ष झालं. सासूबाई ९३ वर्षांच्या आहेत. रक्तदाबाची गोळी सोडली तर मोठा आजार नाही. काठी घेऊन घरात चालतात, आपल्या हाताने जेवतात, लसूण सोलून देतात. पण वर्षभर एकच जप चालू आहे, "देवा, आता ने रे बाबा." पायांना सूज असते, पोट साफ होत नाही, संध्याकाळी कधी कधी मला नणंदेच्या नावाने हाक मारतात. या वयात चालायचंच. शिस्त मात्र जुनीच, दुपारी चारच्या चहानंतर पाण्याचा थेंब घेत नाहीत. हे म्हणतात, आई विनोबांसारखी हळूहळू सगळं सोडत चालली आहे, आपण अडवू नये. जाऊबाई म्हणतात, डायपर लावा आणि निर्धास्त झोपा. कोणी पाया पडलं की आई "शतायुषी हो" म्हणतात, तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. अण्णासाहेब कर्वे १०४ वर्षं जगले, पण त्यांच्यापुढे काम होतं. नुसतं जगत राहण्यात काय अर्थ? आईंनी शंभरी गाठावी अशी प्रार्थना करू, की त्यांची सुटका व्हावी अशी?

— एक सून, सातारा

उत्तर:

ताई, प्रार्थनेचं नंतर बघू. आधी त्या चारच्या चहाबद्दल बोलू. ते वाक्य तुम्ही शिस्तीचा दाखला म्हणून लिहिलंत आणि पुढे निघून गेलात. माझं पाऊल तिथेच अडलं.

रक्तदाबाची एक गोळी घेणारी, हिंडतीफिरती ९३ वर्षांची बाई रोज घड्याळ बघून पाणी बंद करते, ते बहुतेक वेळा एकाच कारणासाठी. तिला रात्री उठायचं नसतं. कारण ती उठली की काठी वाजते, कडी वाजते, दिवा लागतो आणि घरातलं आणखी कोणीतरी उठतं. मग दुसऱ्या दिवशी चहा करताना कोणीतरी जांभई देतं. कधीतरी एखादं वाक्यही निसटलं असेल, "काल तीनदा उठायला झालं." बोलणारा ते विसरतो. ऐकणारी विसरत नाही, ती दुसऱ्या दिवसापासून पेला बाजूला ठेवते.

तुमच्या पत्रात रात्रीबद्दल एक अक्षर नाही. म्हणजे तुमच्या रात्री शांत जात आहेत. त्या शांततेसाठी आई दुपारी चार ते सकाळी सहा, चौदा तास कोरड्या राहतात. मला तुमच्या थकव्याबद्दल चार गोड शब्द लिहिता आले असते, पण आज ते लिहिणार नाही.

आणि यजमानांना सांगा, विनोबांचं नाव इथे आणू नका. विनोबांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला अन्न, पाणी आणि औषध तिन्ही सोडलं आणि १५ तारखेला देह ठेवला. तो जाणतेपणी, सगळ्यांसमोर घेतलेला निर्णय होता. तुमच्या आई सकाळी पाणी पितात, चारचा चहा आवडीने घेतात आणि मग थांबतात. आयुष्य सोडायला निघालेला माणूस चार वाजण्याची वाट बघत नाही.

वाईट याचं वाटतं की या कोरडेपणाचा त्यांना फारसा उपयोग होत नाही. तरुणपणी रात्री मेंदूतून एक संप्रेरक जास्त पाझरतं, त्यामुळे मूत्रपिंडं रात्रीपुरती लघवी थोडी आणि घट्ट करतात. म्हातारपणी ही सोय कमी होते. त्यात दिवसभर पाय खाली सोडून बसलं की पाणी घोट्यांत उतरतं. रात्री अंग टेकलं की तेच पाणी रक्तात परततं आणि तिथून मूत्राशयात येतं. आईंच्या पायांना सूज आहे, तेव्हा त्यांची रात्रीची लघवी बरीचशी त्या पायांतून येत असणार. संध्याकाळचा पेला टाळून फार तर एखादी खेप वाचेल. उलट घट्ट, पिवळीजर्द लघवी मूत्राशयाला झोंबते आणि थोडी साठली तरी घाई होते. आतड्यात पाणी उरत नाही म्हणून मळ कोरडा होतो. तो साठून मूत्राशयावर दाबतो, लघवी पुरी सुटत नाही आणि अर्ध्या तासात पुन्हा उठावं लागतं. पोट साफ न होण्याला तुम्ही वयाच्या खात्यात टाकलंत, ते आधी पाण्याच्या खात्यात टाकून बघा.

नणंदेच्या नावाने हाक मारण्याचंही तेच. विसर वयाने पडतो हे खरं. पण अंगातलं पाणी कमी होणं, रक्तातलं सोडियम खाली-वर होणं किंवा लघवीत जंतुसंसर्ग होणं, यांनीही म्हातारी माणसं अशी गोंधळतात, आणि हा गोंधळ उपचाराने उतरतो. म्हणून याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. रक्तातलं सोडियम, पोटॅशियम आणि मूत्रपिंडाचं काम कळण्यासाठी क्रिएटिनिन बघायला सांगा. रक्तदाब बसून आणि मग उभं राहून, दोन्ही वेळा मोजून घ्या. उभं राहिल्यावर तो फार उतरत असेल, तर रात्री पडण्याचा धोका तिथेच आहे. पायांच्या सुजेसाठी हृदयही तपासून घ्या. गोळीचं नाव वाचा. अमलोडिपीन असेल तर घोटे त्या गोळीनेही सुजू शकतात. पाण्याची, म्हणजे लघवी वाढवणारी गोळी असेल तर ती सकाळची, रात्रीची नव्हे. बदल डॉक्टर करतील, तुम्ही आपल्या मनाने काही बंद करू नका. आणखी एक, ताप नाही, जळजळ नाही, वागण्यात एकदम फरक नाही आणि नुसते रिपोर्टमध्ये जंतू दिसले, तर त्यावर अँटिबायोटिक द्यायचा आग्रह धरू नका. या वयाच्या बायकांच्या लघवीत निरुपद्रवी जंतू पुष्कळदा सापडतात. पण एक-दोन दिवसांत माणूस अचानक बरळू लागलं किंवा झोपूनच राहू लागलं, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना.

आता घरातलं काम. सर्जिकलच्या दुकानातून कमोडची खुर्ची आणा. चाकांची नको. रात्रीच्या घाईत ब्रेक लावायचा राहतो आणि बसताना खुर्ची मागे सरकते. चार पायांना जाड रबरी टोप्या, दोन्ही बाजूंना हात आणि कमीजास्त करता येणारी उंची, एवढं बघा. बसल्यावर तळपाय पुरे जमिनीला टेकले पाहिजेत, म्हणजे आईंच्या गुडघ्याइतकी उंची. ती खुर्ची खाटेला लागून, त्या ज्या कुशीवरून उठतात त्या बाजूला, जरा तिरकी ठेवा. उठून एक पाऊल वळलं की बूड टेकलं पाहिजे, चालणं नको. भांड्यात आधीच पेलाभर पाणी घालून झाकण लावलं की वास येत नाही. सकाळी ते भांडं कोण रिकामं करणार हे आजच ठरवा. मी ते काम तुमच्या यजमानांना देईन. आई त्यांची आहे.

खाटेचीही उंची बघा. काठावर बसल्यावर पाय लोंबकळत असतील तर उठताना घसरणार, गुडघे छातीशी येत असतील तर उठताच येणार नाही. खाटेजवळचं पायपुसणं उचला, पडण्याची सुरुवात बहुतेकदा तिथूनच होते. जमिनीलगत पिवळा मंद दिवा रात्रभर ठेवा. रात्री साडी नको, गाऊन घाला. सांध्यांनी वाकलेल्या बोटांना काळोखात परकराची नाडी सुटत नाही, मग उशीर होतो, मग कपडे भिजतात आणि मग माणूस पाणी सोडतं. उठण्याआधी काठावर मिनिटभर बसून पाऊल दहादा वर-खाली करायला सांगा, त्याने चक्कर कमी येते. दारावरची बिनतारी बेल मिळते, तिचं बटण आईंच्या उशाशी बांधा आणि बेल तुमच्या खोलीत लावा. एक रात्र तुम्ही उठा, एक रात्र यजमान उठतील. गाऊन आणि खुर्ची असेल तर मुलाला फक्त हात धरायचा आहे, संकोचाचं काही उरत नाही.

दुपारी तीन ते चार त्यांना आडवं करा, पायांखाली दोन उश्या द्या. घोट्यातलं पाणी तेव्हाच परतलं तर त्याची लघवी संध्याकाळी होऊन जाते, रात्र हलकी होते. झोपताना एकदा लघवी झाली की पाच मिनिटं थांबून पुन्हा बसवा, मागे राहिलेली बाहेर येते.

पाण्याचा हिशेब असा. डॉक्टरांनी हृदयासाठी किंवा मूत्रपिंडासाठी पाणी मोजून दिलेलं नसेल तर दिवसाचं एकूण दीड लिटरच्या थोडं वर गेलं पाहिजे. चहा, ताक, पेज सगळं त्यात धरा. चारच्या चहापर्यंत सव्वा लिटर, सहा वाजता एक पेला, रात्रीचं जेवण आणि गोळी मिळून अर्धा पेला. या वयात तहान लागल्याचं कळणंही मंदावतं, तेव्हा "लागली तर मागतील" यावर राहू नका. ताक त्यांना पाण्यापेक्षा सोपं जाईल. तीन दिवस वहीत लिहा, किती वाजता किती प्यायल्या, किती वाजता किती लघवी झाली. मापाचं प्लास्टिकचं भांडं पुरतं. ती वही डॉक्टरांसमोर ठेवा, त्यांना तिचा तुमच्या तोंडी वर्णनापेक्षा जास्त उपयोग होईल.

जाऊबाईंच्या डायपरला माझा साफ नकार. जी बाई काठी घेऊन चालते तिला डायपर लावला की महिन्या-दोन महिन्यांत ती उठणं विसरते. ओल्या कपड्याने चामडी सोलते ते वेगळंच. प्रवासाला, दवाखान्याच्या रांगेत, आजारपणात लावा. रोज रात्री तुमच्या झोपेसाठी नको.

आता तुमचा मोठा प्रश्न. संध्येत शंभर वर्षांसाठी जी प्रार्थना आहे ती नुसतं आयुष्य मागत नाही. शंभर शरद आम्ही पाहू, ऐकू, बोलू असं म्हणत म्हणत ती "अदीनाः स्याम शरदः शतम्" पर्यंत येते. दीन न होता राहू. आपण आशीर्वादात "शतायुषी" ठेवलं आणि "अदीन" गाळलं. लघवीला उठायची चोरी वाटणं, हे दीनपण आहे. ते ९३ या आकड्याने येत नाही, ते घरातून येतं आणि म्हणून घरातूनच काढता येतं.

कर्व्यांचा दाखला मला पटला नाही. १९३६ मध्ये, ७८ व्या वर्षी, खेड्यांतल्या प्राथमिक शाळांसाठी मंडळ काढणारा आणि १९५८ मध्ये शंभरीत भारतरत्न घेणारा माणूस शतकात एखादा. जगण्याचा हक्क कामावर मोजायचा म्हटलं तर तुमच्या निवृत्तीनंतरच्या वर्षालाही हिशेब मागावा लागेल. तुम्हाला तो कोणी मागितला नाही, आईंना का? फ्रान्समधल्या आर्ल गावची झान काल्माँ १२२ वर्षं १६४ दिवस जगली आणि ऑगस्ट १९९७ मध्ये गेली. शेवटची बारा वर्षं वृद्धाश्रमात काढली, डोळे आणि कान दोन्ही जवळजवळ गेले होते. लोक अजून विचारतात, ती काय खायची? इतकं लांब जगणं हवंसं वाटेल की नको होईल, ते खाण्यावर कमी आणि रात्री हाकेला कोण येतं यावर जास्त ठरतं, असं मला ठामपणे वाटतं.

"ने रे बाबा" मनापासूनचंही असू शकतं. ९३ व्या वर्षी माणसाला पुरे वाटणं हा आजार नव्हे. तसं असेल तर त्यांना सरळ विचारा, शेवटी दवाखान्यात नळ्या, यंत्रं नकोत का? नको म्हणाल्या तर लिहून घ्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशा इच्छापत्राला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये रीत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे साक्षांकन केलं की चालतं. पण हे तीन आठवड्यांनी. तहानलेल्या माणसाला हा प्रश्न विचारू नका, त्याचं उत्तर खरं नसतं.

आधी खुर्ची आणि बेल आणा. ज्या दिवशी ती लागेल त्या दिवशी संध्याकाळी सहाला पाण्याचा पेला भरून तुम्ही स्वतः आईंच्या खोलीत जा. दुसऱ्या कोणाच्या हाती पाठवू नका. त्या नको म्हणतील. म्हणा, "आई, रात्री मी उठणार आहे. बेल वाजवा. नाही वाजवलीत तर मला राग येईल." मग खाटेवर बसा आणि पेला रिकामा होईपर्यंत उठू नका. पहिल्या दिवशी अर्धाच संपेल. त्या तुमच्या तोंडाकडे बघत पितील, खरं सांगताय की नाही ते तपासत. रात्री बेल वाजली की पहिल्या हाकेला जा, आणि सकाळी चहा करताना जांभई आली तर तोंड फिरवून द्या.

तीन आठवड्यांनी पुन्हा लिहा. त्या "ने रे बाबा" दिवसाकाठी किती वेळा म्हणतात, तेही त्या वहीत मांडून ठेवा.