‘द गर्ल फ्रॉम इपनेमा’ हे गाणं खरंच बारमध्ये बसून लिहिलेलं का?

नाही. बारच्या धंद्याला सोयीची म्हणून ही गोष्ट टिकलीये. या ब्राझिलियन बोसा नोव्हा (सांबा आणि जॅझच्या मेळातून आलेली शैली) गाण्याची चाल संगीतकार जोबिमने घरी बांधली, शब्द कवी विनिसियस द मोराइसने रिओजवळच्या पेट्रोपोलिस गावी लिहिले, तेही एका संगीतिकेसाठी. रिओच्या इपनेमा भागातल्या व्हेलोझो बारमध्ये दोघं बसायचे आणि समोरून एलोइझा नावाची मुलगी जायची, एवढं खरं. १९६२ च्या ऑगस्टमध्ये रिओच्याच कोपाकबाना भागातल्या एका नाइट क्लबात गाणं पहिल्यांदा लोकांसमोर आलं.

पण मला बोलायचंय ते त्यातल्या पोर्तुगीज कडव्यांबद्दल. पुण्यात एका हॉटेलच्या लॉबीत मी गिटार वाजवायचो. आमची मडगावची आजी पोर्तुगीज अमलात शाळा शिकलेली, तिच्यापुढे बसून मी शब्द घोटून घेतले होते. (तिचे उच्चार लिस्बनच्या वळणाचे, पण लॉबीत कोण धरणार?) बँडचे सर म्हणायचे, “इथे कोणाला कळतंय? थेट इंग्रजीवर ये.” एका रात्री मी पोर्तुगीज सुरू केलंच. दुसऱ्या ओळीला सरांनी कीबोर्डवरचं ‘एंडिंग’चं बटण दाबलं. ढँटढँण! गाणं संपलं. लोकांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. नंतर वर मलाच ऐकवलं, “ग्रॅमी इंग्रजीलाच मिळालं ना?”

मिळालं, पण कसं? मार्च १९६३ मध्ये न्यूयॉर्कला रेकॉर्डिंग झालं, तेव्हा आधी ब्राझिलियन गायक-गिटारवादक जुआंव जिल्बेर्तो पोर्तुगीजमध्ये गायला, मग त्याची बायको अस्त्रूद इंग्रजीत. १९६४ ला रेडिओसाठी सिंगल काढताना जुआंवचं गाणं साफ कापलं. गिटार मात्र त्याचीच ठेवली, कारण ती काढली तर उरतं काय? अंगठा खर्जावर घड्याळासारखा चालतो, बाकीची बोटं ठोक्याच्या अलीकडे-पलीकडे पडतात. कीबोर्डवरच्या ‘बोसा’च्या बटणात ते येत नाही, कितीही महागडा कीबोर्ड घ्या.

तेव्हा सुरुवात अमेरिकन गायक फ्रँक सिनात्राच्या १९६७ च्या आवृत्तीने करू नका. ‘गेट्झ/जिल्बेर्तो’ या अल्बमवरचं, जुआंव आणि अस्त्रूद दोघांचं, पाच मिनिटांचं अख्खं गाणं ऐका. वाजवायला शिकत असाल तर पिक (तारा छेडायची पट्टी) ठेवून द्या, नायलॉनच्या तारा लावा. आणि बँडमध्ये कोणी “पब्लिकला कळत नाही” म्हणालं, तर बँड बदला.

अस्त्रूदला कमी लेखत नाहीये हं. तो साधा, न घोटलेला आवाज नसता तर गाणं आपल्यापर्यंत पोचलंच नसतं. आणि मधल्या भागात ‘एफ’ सुरावरून अर्धा सूर वर ‘जी फ्लॅट’ला जाणारी जी उडी आहे, ती सर माझ्यापेक्षा सफाईने घ्यायचे. तेवढं मान्य.