वेण पोंगल घट्ट का होतो?

प्रश्न : मी केलेला वेण पोंगल कुकरमधून काढताना मऊ असतो, पानात वाढेपर्यंत मात्र त्याचा गोळा होतो. काय चुकते?

उत्तर : पाणी कमी पडते आहे. तमिळनाडूतील या न्याहारीच्या पदार्थात भात मोकळा नव्हे, तर डाळीशी एकजीव व्हायला हवा. म्हणून १ वाटी तांदूळ आणि अर्धी वाटी कोरडी भाजलेली मूगडाळ यांना किमान ६ वाट्या पाणी घालावे. निवताना तांदळातील स्टार्चमुळे पोंगल आळतोच, त्यामुळे वाढण्यापूर्वी उकळते पाणी मिसळून तो सैल करावा. गार पाणी मुळीच नको. फोडणीत मिरे, जिरे, आले, कढीपत्ता, हिंग आणि काजू असावेत, आणि तुपात तर, माझ्या मते, हात अजिबात आखडू नये.