ठाण्यात लेबर रूमला नवीन स्टाफ नर्स म्हणून पोस्टिंग मिळालंय, आधी काय शिकू?

सुरुवातीला एकाच अनुभवी सिस्टरबरोबर सलग ड्युटी मागून घ्या आणि डिलिव्हरी घेण्याआधी बाईवर लक्ष ठेवायला शिका. ठाण्यात लेबर रूमची इन्चार्ज म्हणून नव्या मुलींना मी हेच सांगते, कारण बरेचसे धोके आधी नोंदींत दिसतात. पोटावर हात ठेवून 10 मिनिटांत किती कळा येतात ते मोजा; कळ ओसरताच बाळाचे ठोके मिनिटभर ऐका. 110 च्या खाली किंवा 160 च्या वर गेले, तर डॉक्टरांना बिनधास्त उठवा. बाळंतपणानंतर पहिले दोन तास दर 15 मिनिटांनी गर्भाशय घट्ट लागतंय का पाहा, आणि चादर उचलून रक्तस्रावही पाहा. मात्र औषधांचे डोस तुमच्या रुग्णालयाच्या प्रोटोकॉलप्रमाणेच.