हॅलिफॅक्ससारख्या लहान कॅनेडियन शहराला एनएचएलचा (उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक आइस हॉकी लीगचा) संघ परवडेल का?

सध्या तरी नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. प्रेक्षकांचं प्रेम कमी पडणार नाही, पैसा कमी पडेल.

विनिपेग या कॅनेडियन शहराचंच बघा. १९९६ मध्ये तिथला जेट्स संघ अमेरिकेतल्या फिनिक्सला गेला. २०११ मध्ये अटलांटाचा संघ विनिपेगला आला, तेव्हा १३,००० सीझन तिकिटं (पूर्ण हंगामाची तिकिटं) काही दिवसांत संपली. तरीही पुढे हा आकडा १०,००० च्या खाली घसरला आणि मालकांना उघडपणे चिंता व्यक्त करावी लागली. तिथे डेव्हिड थॉमसनसारखा अब्जाधीश मालक आहे, स्टेडियम शहराच्या मध्यभागी आहे, लोक हॉकीवेडे आहेत. एवढं असूनही ही ओढाताण!

खरी अडचण चलनाची आहे. तिकिटांचे पैसे कॅनेडियन डॉलरमध्ये येतात, खेळाडूंचे पगार अमेरिकन डॉलरमध्ये जातात. २०२५-२६ च्या हंगामासाठी प्रत्येक संघाची पगारमर्यादा, म्हणजे खेळाडूंच्या एकूण पगाराची कमाल मर्यादा, ९.५५ कोटी अमेरिकन डॉलर ठरली. एवढा पैसा उभा करायचा तर स्थानिक कंपन्यांनी मैदानातले महागडे बॉक्स (खास प्रेक्षक-कक्ष) वर्षानुवर्षं घ्यावे लागतात. हॅलिफॅक्स महानगराची वस्ती पाच लाखांच्या आसपास, आणि तिथल्या मैदानात जेमतेम साडेदहा हजार प्रेक्षक मावतात. क्युबेक सिटीने तर २०१५ मध्ये १८,००० आसनांचं नवं मैदान उभारलं, तरी संघ मिळाला लास व्हेगासला. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

मूसहेड्ससारखा ज्युनियर संघ मात्र हॅलिफॅक्समध्ये १९९४ पासून छान चालतो. तिकीट स्वस्त, मैदान गजबजलेलं. एनएचएलचा स्टार खेळाडू नेथन मॅकिनन तिथेच घडला.